मैदानाचे फ्लडलाईट थेट बेडरूममध्ये! अर्जावर सही करू का नको?

कुळागरातली

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लावतेय, सहन करा.

आमचं घर फोंडा तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) आधी बातमी घरी पोचेल. मागे कुळागर (सुपारीची बाग), पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे गावचं मैदान. लग्न होऊन आले तेव्हा मैदानावर दोन खांब आणि दोन पिवळट दिवे होते, त्यातला एक लागायचा. गेल्या वर्षी चार नवे खांब आले, प्रत्येकावर चार एलईडी. पहिल्यांदा लावले त्या दिवशी आम्हीच गेलो होतो नारळ फोडायला, टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले.

आता परिस्थिती अशी की माडीवरच्या खोलीत रात्री दिवा न लावता मी तांदूळ निवडू शकते. खरंच निवडून बघितले. सासऱ्यांची खोली तीच, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, ते म्हणतात डोळे मिटले तरी आत ट्यूबलाईट जळते. संध्याकाळी साडेसहा ते आठ लहान पोरांचं कोचिंग, मग मोठी मुलं खेळतात, आणि शनिवार-रविवारी टुर्नामेंट असली तर साडेअकरा-बारा ठरलेलेच.

वाड्यावरच्या लोकांनी पंचायतीला अर्ज केलाय, दिवे ७ वाजता बंद करा म्हणून. २७ सह्या झाल्यात. काल अर्ज आमच्या घरी आला. अडचण एकच, साडेसहाच्या कोचिंगमध्ये माझा मुलगा आहे. अंडर-१३, लेफ्ट बॅक. आणि अर्ज घेऊन आलेल्या काकांना दार त्यानंच उघडलं, जर्सी घालून.

सही करू का नको?

बाल्कांव

जर्सी घालून! काकांनी पहिली सही त्याचीच घ्यायची होती.

झोपमोड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाड काळा पडदा आणा, प्रश्न मिटला.

कुळागरातली

@झोपमोड पडदा आहे. पडदा ओढला की वारा बंद. मे महिन्यात फोंड्यात पडदा ओढून झोपून दाखवा, माझ्याकडून रस-ऑम्लेट.

माजी_गोलकीपर

बाय, सही करू नका. मी दुसऱ्या एका गावात पोरांना शिकवतो, फुकट शिकवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आमच्या लहानपणी दिव्यांची गरजच नव्हती कारण शेतं होती. सरदाची (पावसाळी भाताची) कापणी झाली की भाताची खोडकी पायाला टोचत असतानाच खेळायला सुरवात, दोन बांबू इकडे दोन तिकडे, मेरेवर (बांधावर) प्रेक्षक. आता त्या शेतांत एक तर मातीचा भराव आहे नाही तर कुणाचा तरी बोर्ड आहे. शाळा सुटते, मग ट्यूशन, पोर साडेपाचला घरी येतं, डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो. मग ते खेळणार कधी? मोठी मुलं कुंडई नाही तर वेर्ण्याच्या फॅक्टरीतून शिफ्ट सुटून ७ वाजता येतात, त्यांना ७ वाजता दिवा बंद म्हणजे कायमचा बंद.

फुटबॉल आपला राज्य-खेळ. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप फातोर्ड्याला खेळवला तेव्हा सगळे छाती काढून फिरत होतो. ती पोरं काय आकाशातून पडतात? अशाच मैदानांवर तयार होतात. तीन तास उजेड सहन करा हो. पोरं मैदानात दिसतात तरी, नाहीतर कुठल्या तरी बारच्या मागे मोबाईल घेऊन बसलेली दिसतील.

तिसरा_मजला

@माजी_गोलकीपर "सहन करा" म्हणणाऱ्याची स्वतःची खिडकी नेहमी दुसऱ्या बाजूला असते.

मी अशाच एका मैदानाला लागून फ्लॅट घेतला. ब्रोशरमध्ये "ओपन ग्राउंड व्ह्यू" असं छापलं होतं, त्याचे पैसे वेगळे लावले. व्ह्यू आता रात्री पण मिळतो. माझी बायको नर्स, पहाटे ५ ची ड्युटी, तिनं १० ला झोपायचं म्हणजे डोळ्यावर ओढणी बांधून. क्लबला जाऊन बोललो तर उत्तर काय, "तुम्ही कधी आलात हो इथं राहायला?" जणू आधी राहायला आलेल्याच्या डोळ्यांना वेगळ्या पापण्या असतात.

उंडेवाला

@तिसरा_मजला पण खरं सांगा, तुम्ही आधी का मैदान आधी?

तिसरा_मजला

मैदान आधी. दिवे नंतर. खेळाला विरोध नाहीच, दिवसभर खेळा.

माजी_गोलकीपर

दिवसभर कोण खेळणार, पेन्शनर?

पेन्शनर_पण_फिट

मी खेळतो. रोज सकाळी ६ वाजता, दिवा न लावता. आणि मुद्दाम सांगतो, मैदानावर चालायला येणारे आम्ही पंधरा-वीस म्हातारे त्या दिव्यांमुळेच संध्याकाळी पण येऊ शकतो. रस्त्यावर चालायचं तर टिपर अंगावर येतात.

वायरमन_बाब

तुम्ही लोक बंद का चालू यावर भांडताय. पाच मिनिटं माझं ऐका. चाळीस एक मैदानांवर चढलोय मी.

बाय, आज रात्री एक काम करा. सासऱ्यांच्या खोलीत खिडकीशी उभ्या राहा आणि एकेका खांबाकडे बघा. दिव्याची काच दिसते का? म्हणजे तो पांढरा जळजळीत चौकोन डोळ्याला दिसतो, का फक्त खाली पडलेला उजेड दिसतो? काच दिसत असली तर तो दिवा मैदानासाठी नाही, तुमच्यासाठी लावलाय.

खांब बुटका असला की पलीकडच्या कडेपर्यंत उजेड पोचवायला दिवा वर उचलावा लागतो, मग तो मैदान ओलांडून घरात शिरतो. उंच खांबावरचा दिवा खाली बघू शकतो. लोकांना वाटतं उंच खांब म्हणजे जास्त त्रास, उलट आहे. नियम साधा, झोताचा मधला भाग सरळ खाली धरलेल्या रेषेपासून ७० अंशांच्या आत हवा, त्याच्या वर गेला की समोरच्याच्या डोळ्यात. आणि दिव्याच्या वर-मागे पत्र्याची झडप बसते, आम्ही टोपी म्हणतो. ती काढून ठेवलेली बऱ्याच ठिकाणी बघितली कारण "टोपीनं उजेड कमी पडतो". मैदानात कमी नाही पडत, शेजाऱ्याकडे कमी पडतो.

जुने मेटल हॅलाईडचे दिवे होते तेव्हा एक वेगळी भानगड होती. एकदा बंद केले की गरम असताना परत पेटत नाहीत, थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे कोण बंदच करायचा नाही, कोणी परत येईल म्हणून चालूच ठेवायचे. एलईडीला ते कारण नाही, बटण दाबलं की बंद, दाबलं की चालू. अर्धेच लावता येतात. कोचिंगला १६ कशाला, ८ पुरतात.

बाल्कांव

म्हणजे ताईंच्या घरात जो उजेड येतो त्याचं बिल ताईंनी अर्धं भरायला हवं?

वायरमन_बाब

हाहा. हिशोबच करू. समजा १६ दिवे ४०० वॅटचे, म्हणजे ६.४ किलोवॅट. तीन तासांचे १९ युनिट. त्यातले चार दिवे जर मैदान सोडून रस्ता आणि घरं उजळत असतील तर पाव बिल फुकट. क्लबच्या खजिनदाराला हे सांगा, झोपमोड वगैरे सांगू नका. खजिनदाराला बिलाची भाषा कळते.

ऑलिव्ह_रिडले

थोडं अवांतर. उजेड म्हणजे फक्त माणसांचा प्रश्न नाही हो. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात, कारण नैसर्गिकरीत्या रात्री समुद्राची बाजूच उजळ असते. शॅकचा दिवा दिसला की पिल्लू उलटं जमिनीकडे चालत जातं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, वाळूवर ती बारीक रेघ सरळ जायची ती वळत वळत एका हॉटेलच्या कुंपणाला जाऊन थांबलेली.

कुळागर आहे म्हणता, पहिला पाऊस पडायच्या आसपास काजवे बघा किती उरलेत. काजवा उजेडानंच जोडीदार शोधतो, त्याच्या डोक्यावर असला सूर्य लावल्यावर त्यानं काय करायचं?

झोपमोड

लग्न जुळवणाऱ्या मंडळात नाव नोंदवायचं.

कुळागरातली

@ऑलिव्ह_रिडले तुम्ही म्हणालात म्हणून आठवलं. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा सुपारीच्या झाडांखाली काजवे इतके असायचे की त्याला वाटायचं चतुर्थीची माळ कुणीतरी काढायची विसरलं. आता रस्त्याकडच्या बाजूला नाहीत, मागे ओहोळाच्या खळगीत थोडे दिसतात. मी ते औषधं-बिवषधं मारल्यामुळे समजत होते. तेही असेल.

उलट खिडकीच्या बाजूला पाली मात्र चिकार. दिव्यावर किडे, किड्यांवर पाली, पालींवर सासूबाई.

वकील_नव्हे

कायद्याचं थोडं. आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. सणासमारंभासाठी सरकार वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. उजेडासाठी असा आकडा लावलेला नियम आपल्याकडे नाही. सीआयई नावाचा प्रकाशयोजनेचा जागतिक आयोग आहे, त्याच्या मार्गदर्शनात उपनगरासारख्या भागात खिडकीवर पडणारा उजेड रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत १० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि त्यानंतर २ लक्सच्या वर नको, खेडेगावात त्याच्या निम्मा, असं म्हटलंय. पण तो सल्ला, कायदा नव्हे. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स असतं, यावरून अंदाज करा.

मग उरतो सार्वजनिक उपद्रव. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२, मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी आदेश काढू शकतात. नाही तर दिवाणी देमांद, म्हणजे कोर्टात दावा. देमांद घातली तर निकाल लागेपर्यंत तुमचा लेफ्ट बॅक प्रशिक्षक झालेला असेल.

उंडेवाला

आणि क्लबवर देमांद घालून संघात जागा मिळेल का ते पण बघा.

तिसरा_मजला

@वकील_नव्हे हे १० वाजताचं तुमच्याकडून ऐकून बरं वाटलं. पण पाळतो कोण? टेनिस बॉल क्रिकेटची टुर्नामेंट असली की कॉमेंटेटर रात्री सव्वाअकराला ओरडतो, "आणि हा चेंडू गेला थेट कुळागरात, चार नाही सहा, सहा, सहा!" मध्ये लगेच गाणं. मग बक्षीस समारंभ, मग अमक्या पंचांचे आभार, तमक्या पंचांचे आभार. फुटबॉलवाले बिचारे शिट्टी वाजवतात फक्त.

माजी_गोलकीपर

बघा, आता मुद्द्यावर आलात. त्रास क्रिकेटचा, अर्ज फुटबॉलवर. ७ वाजता दिवे बंद केले तर कोचिंग जाईल आणि टुर्नामेंट राहील, कारण टुर्नामेंटला पंचायतीचे लोक पाहुणे म्हणून स्टेजवर बसलेले असतात, ते त्या दिवसापुरती परवानगी देणारच.

मखरवाला

एक प्रश्न विचारू? आमच्या देवळात जत्रेला रात्री ११ ला नाटकाचा पडदा उघडतो आणि पहाटे पोदेर भोंपू वाजवतो तेव्हा शेवटचा प्रवेश चालू असतो. माईक, ढोलकी, सगळं. वास्कोला सप्ताहात भजन चोवीस तास अखंड. त्याबद्दल कोण अर्ज करत नाही. फुटबॉलनंच काय घोडं मारलंय?

कुळागरातली

@मखरवाला जत्रा वर्षातून एकदा, आणि नाटकाच्या रात्री मी घरात नसतेच, पहिल्या रांगेत खुर्ची असते माझी.

बाल्कांव

हे सर्वात प्रामाणिक उत्तर. आपण जिथं खुर्चीवर आहोत तो आवाज गोड.

पणजीची_गच्ची

मी आकाश बघणारा माणूस. जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून पहिल्यांदा शनीची कडी बघितली तेव्हा नववीत होतो, तेव्हापासून वेड. आता पणजीवरून आकाशगंगेचा पट्टा विसरा, म्हणून फोंडा, सत्तरीकडे येतो आम्ही. तिथंही एकेक मैदान उजळत चाललंय. फरक एवढाच की मैदानाचे दिवे निदान कधीतरी बंद होतात. पेट्रोलपंपाचे, देवळाच्या कमानीचे, कोणाच्या बंगल्याच्या गेटावरचे रात्रभर चालू. आणि जमलं तर थोडे पिवळे दिवे मागा. पांढऱ्या-निळ्या उजेडाचं धुकं आकाशात जास्त पसरतं, किडे पण त्याच्याकडेच जास्त ओढले जातात.

वायरमन_बाब

@पणजीची_गच्ची बरोबर. पण सगळे ६५०० केल्विनचेच मागतात, जितका पांढरा तितका "पावरफुल". दुकानात पिवळा दाखवला तर म्हणतात जुना माल खपवतोय.

कुळागरातली

मंडळी, अपडेट. मधे आठ दिवस गेले, सही अजून केलेली नाही, काका दोनदा येऊन चहा पिऊन गेले.

वायरमन_बाबांनी सांगितलेलं केलं. खिडकीत उभी राहिले. चारपैकी तीन खांबांचा नुसता उजेड दिसतो. चौथ्या, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या खांबावरच्या दोन दिव्यांच्या काचा सरळ माझ्याकडे बघतायत. मोबाईलवर लक्स मोजायचं अॅप घेतलं, ते काही नेमकं नसतं हे मुलानंच ऐकवलं, तरी खिडकीच्या चौकटीवर १८ दाखवत होतं. मग तळवा धरून त्या दोन दिव्यांचीच सावली पाडली तर ४ वर आलं. तीनदा केलं. सासरे पलंगावरून बघत होते, म्हणाले काय चाललंय, आरती?

मग मुलाला कोचिंगहून आणायला गेले तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. त्याला आधी वाटलं मी अर्जवाल्यांकडून आलेय, हातच मागे बांधले त्यानं. खजिनदार पण होता शेजारी. बिलाचं सांगितल्यावर तो पुढे आला! मग सगळे मिळून खांबाखाली जाऊन मान वर करून उभे. तेवढ्यात गोलपोस्टची जाळी गुंडाळणारा एक मुलगा बोलला, "ते आम्हीच वळवले ना, एप्रिलमधल्या टुर्नामेंटला, पार्किंगसाठी." रस्त्यावर गाड्या लावायला काळोख पडत होता म्हणून दोन दिवे उलटे फिरवले आणि परत फिरवायचे राहिले. एप्रिलपासून! आम्ही वाड्यावरचे लोक सह्या गोळा करतोय, ते लोक आमच्यावर चिडलेत, आणि कारण काय तर एक पाना आणि दोन बोल्ट.

झोपमोड

दोन बोल्टांवर २७ सह्या. सरकारी कामाच्या मानानं कमीच.

तिसरा_मजला

ताई, तुमचं सुटलं, आनंद आहे. माझं नाही. माझ्याकडे खांब इमारतीपासून बारा मीटरवर आहे, कसाही वळवला तरी माझ्याच मजल्याच्या उंचीवर. आणि तुमच्याकडे सेक्रेटरीनं ऐकलं कारण तुमचा मुलगा त्यांच्या संघात आहे. मी "फ्लॅटवाला". ग्रामसभेत उभा राहिलो तर मागून कोणीतरी शिट्टी वाजवली, सगळे हसले.

माजी_गोलकीपर

@तिसरा_मजला हे मात्र चूक झालं. शिट्टी वाजवायला नको होती. तुमच्या खांबाला टोपी आहे का बघा आधी. आणि खरं सांगू, एखाद्या रविवारी मॅच बघायला जा. अर्ज घेऊन नको, नुसते जा, चणे घेऊन बसा. दुसऱ्या फेरीत तुम्हाला लाईन्समन करतील, तिसऱ्या फेरीत तुमचं ऐकतील.

तिसरा_मजला

म्हणजे झोपेसाठी मला आधी लाईन्समन व्हावं लागणार.

वकील_नव्हे

देमांदीपेक्षा स्वस्त आहे.

पेन्शनर_पण_फिट

@कुळागरातली मग त्या अर्जाचं काय झालं?

कुळागरातली

अर्जावर मी सही केली. थांबा, शिव्या घालू नका. काकांना बसवलं, "७ वाजता" खोडायला लावलं. आता त्यात असं आहे की कोचिंगला अर्धेच दिवे, मोठ्या मुलांचा खेळ साडेनऊला बंद, टुर्नामेंट असली तरी १० ला माईक बंद आणि स्विचच्या पेटीची चावी एकाच माणसाकडे, कारण सध्या ती चावी सात जणांकडे आहे आणि शेवटी निघणारा कोण ते कधीच कळत नाही. काही सह्यावाले नाराज आहेत, दोघांनी नावं काढून घेतली. क्लबवाले साडेनऊवर अडलेत, त्यांना साडेदहा हवंय. ग्रामसभा रविवारी.

बोल्ट मात्र फिरले. परवा एक पोरगा शिडी लावून चढला, खालून चौघे धरून, मी डोळे मिटून. सासरे काल म्हणाले आज लाईट गेली होती काय, इतका वेळ झोपलो.

नवीन भानगड अशी की तिथं कोपऱ्यावर रस-ऑम्लेटचा गाडा लागतो, तो एप्रिलपासून आमच्याच दोन दिव्यांच्या उजेडात चालत होता. आता त्याच्या गाड्यावर काळोख. काल गिऱ्हाइकानं कांदा समजून मिरची चावली. आज त्यानं मला अडवून विचारलं, बाय, त्यातला एक दिवा थोडासाच, अगदी थोडासाच, इकडे वळवता येईल काय?

वायरमन_बाब

त्याला सांगा नाही. गाड्यावर ९ वॅटचा बल्ब लाव म्हणावं, वर पत्र्याची टोपी घालून. मी लावून देतो, दोन प्लेट आणि चार पाव.